सगुणाची मिश्री सुटली
कोपरीच्या मासळी बाजारात सगुणाचा आवाज सगळ्यांत चढा. सत्त्याण्णव साली तिला बावन्नावं लागलेलं. होडी एकटीने ओढेल अशी बाई, पण सुई म्हटलं की पळ काढायची. त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गोमाजी छाती धरून खाली बसला. वाचला, पण सगुणा हादरली.

तिची नेहमीची गिऱ्हाईक शुभदा डॉक्टर होती. ती म्हणाली, "मावशी, आमच्या दवाखान्यात एका अभ्यासासाठी नवीन तपासणी करतोय. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर धड आहे का ते बघायचं. याल?"

"सुई?"

"अजिबात नाही. फक्त उपाशीपोटी या. चहा नाही, मिश्री नाही."

मंगळवारी सगुणा हजर झाली. शुभदाने तिचे काळे दात पाहिले. "मिश्री लावलीत ना?"

"एवढुशीच गो! त्याबिगर सकाळच होत नाय."

"मिश्रीतल्या तंबाखूने रक्तवाहिनी आखडते, मावशी. आज काही खरं कळणार नाही." शुभदाने तिला हसत परत पाठवलं.

पुढच्या मंगळवारी सगुणा खरोखरच कोरड्या तोंडाने आली. डोकं ठणकत होतं, नवरा पोपट सकाळपासून तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. शुभदाने कोपराखाली पट्टा बांधून गच्च हवा भरली. पाच मिनिटांत बोटं बधिर झाली.

"सोड गो बाय! याच हातानं म्हावरं कापायचंय!"

पट्टा सुटला तसं रक्त भसकन हातात उतरलं. शुभदाने दंडावर सोनोग्राफीचा दांडा धरलेला होता. पडद्यावर काळी नळी दिसत होती.

"अस्तर निरोगी असलं की रक्ताचा लोंढा आल्यावर ही नळी रुंदावते. तुमची जेमतेम हललीय."

सगुणाला भीती वाटली नाही, राग आला. जन्मभर आपण राबायचं आणि आपल्याच हातातल्या नळीने अंग चोरायचं? घरी जाऊन तिने मिश्रीची डबी चुलीत रिकामी केली. पहिला महिना बाजारात तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती झाली नाही. बडीशेप चघळत तिने सहा महिने काढले.

दुसऱ्या तपासणीत नळी चांगली रुंदावली.

"एकदोन तपासण्यांवरून फार बोलू नये," शुभदा म्हणाली, "पण फरक आहे, मावशी. आणि मिश्री सुटली हे तर उत्तमच."

सगुणाने ते चित्र पुन्हा दाखवायला लावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला तिने नळीची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या मंगळवारी मिश्री लावणाऱ्या मालू, शेवंती आणि आणखी दोघी मासेवालींना रिक्षात कोंबून ती दवाखान्यात घेऊन गेली.