उईकेची ॲम्ब्युलन्स

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेतल्या एका वर्कशॉपमध्ये होती. मी व्हेइकल मेकॅनिक, हवालदार. आमच्या वर, डोंगरावर, एक पोस्ट होती आणि तिथे एक ॲम्ब्युलन्स. तिचा ड्रायव्हर लान्स नायक उईके. तो दरेकशाचा, मी केशोरीचा, दोघे एकाच जिल्ह्यातले. फोनवर आम्ही गावच्या बोलीत बोलायचो.

जानेवारीत त्याचा फोन आला.

“हवालदार साहेब, बॅटरी उतरून राहिली जी. दोन दिवस उभी राहिली का गाडी मेली.”

“बत्ती चालू ठेवत असशील.”

“तुमी बी तेच म्हना. सुभेदार साहेब तर रोज म्हनते.”

मी म्हणालो, मीटर घेऊन वर येतो.

बंद गाडीतही थोडा करंट जातो. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालतो. त्याहून जास्त असेल तर काहीतरी बॅटरी खात असते. निगेटिव्ह केबल काढायची, मधे मीटर लावायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचे. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो, दोष त्या लाइनवर. तासाभराचे काम. मी वर्कशॉपच्या साहेबांकडे परवानगी मागितली. उत्तर आले, “नई बैटरी भेज दो. टाइम वेस्ट मत करो.” नवी बॅटरी वर गेली. तीही उतरली.

फेब्रुवारीत एका सकाळी पोस्टवर पहारा देणाऱ्या एका संत्रीला श्वास घेता येईना. मी खाली रेडिओजवळ होतो.

“गाड़ी स्टार्ट नहीं हो रही. ओवर.”

“धक्का दो. ओवर.”

संत्रीला बंकरमधून आणेपर्यंत चौघांनी गाडी उतारावर ढकलली. उईके एकटाच आत होता. इंजिन बंद असले की ब्रेक जड होतो, आणि रस्त्यावर बर्फ होता. पहिल्या वळणावर गाडी उईकेसकट दरीत गेली.

संत्रीला जवानांनी स्ट्रेचरवर चालत खाली आणले. तो वाचला.

इन्क्वायरी झाली. निष्कर्ष एका ओळीचा: चालकाने दिवे चालू ठेवले.

महिन्याभराने शेजारच्या पोस्टची ॲम्ब्युलन्स वर्कशॉपला आली. तक्रार तीच. मी मीटर लावला. पाऊण अँपिअर. सगळे फ्यूज काढले, आकडा हलला नाही. म्हणजे लाइन फ्यूजबॉक्समधून जातच नव्हती. केबल धरत गेलो तर ती मागच्या सीटखाली पोहोचली. तिथे एक इन्व्हर्टर बोल्टने बसवलेला होता. चालू.

डिसेंबरात मोठ्या साहेबांची व्हिजिट झाली होती. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचे मशीन चालते, हे त्यांना दाखवायचे होते. मशीन एकच होते. प्रत्येक पोस्टच्या ॲम्ब्युलन्समध्ये इन्व्हर्टर आधी बसवून ठेवले, थेट बॅटरीवरून, आणि मशीन साहेबांच्या पुढे पुढे पळवले. सगळीकडे शाबासकी मिळाली. नंतर मशीन स्टोअरला गेले. इन्व्हर्टर काढायचा हुकूम कोणी दिला नाही.

मी लेखी रिपोर्ट दिला. साहेब म्हणाले, “इन्क्वायरी क्लोज हो चुकी है, हवालदार.” मी दुसऱ्यांदा दिला. मग माझी बदली झाली.

निवृत्तीनंतर दरेकशाला गेलो. उईकेचे वडील अंगणात दोर वळत होते. घरात मुलाचा वर्दीतला फोटो होता. अशा फोटोपुढे लोक लाल बल्ब लावतात. इथे नव्हता.

मी सगळे सांगितले. मीटर, केबल, इन्व्हर्टर. त्यांनी दोर खाली ठेवला.

“मंग बत्ती त्यानं चालू नोहोती ठेवली?”

“नाही, बाबा.”

“लोक म्हनत, तुयाच पोराची चूक. मी काय बोलू? सरकारचा कागद होता.” ते पुन्हा दोर वळू लागले. “तुमी उशिरा आले जी. त्याची माय हेच आयकाले थांबली होती.”

कागद अजून बदललेला नाही. मी अर्ज करतो, पोच येते.

आता शेजारीपाजारी उतरलेल्या बॅटऱ्या घेऊन माझ्याकडे येतात. नवी टाकू का, विचारतात. मी आधी मीटर लावतो.

यंदा पुन्हा दरेकशाला गेलो. फोटोपुढे लाल बल्ब होता. भर दुपारी चालू. बाबांनी माझ्याकडे पाहिले, बल्बकडे पाहिले आणि ते म्हणाले, “राहू दे चालू.”