मालगुजाराच्या समोरची भिंत

कमलाबाई लहान होत्या तेव्हा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दारावरून जाताना त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी चपला हातात घ्यायच्या, असा कुरखेड्याकडच्या त्या गावाचा रिवाज होता. एका उन्हाळ्यात पाय भाजले म्हणून त्यांनी चपला घातल्या, तर मालगुजाराच्या दिवाणजीने त्या त्यांच्याच डोक्यावर ठेवून त्यांना गावभर फिरवलं. हे ऐकत त्यांची लेक संघप्रिया मोठी झाली. नागपुरात चित्रकला शिकली, गडचिरोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव, त्याच मालगुजाराच्या घरातले. तिने पगार घेतला, मान खाली घातली आणि संधीची वाट पाहिली.

यंदा कॉलेजात इंग्रज अमदानीतल्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे आलं. साहेबांनी जलरंगात काढलेली जंगलं, देशी चिताऱ्यांनी काढलेले साहेब. गुणवंतरावांनी पणजोबांचं तैलचित्र पाठवलं. मालगुजार यादवराव, जरीची पगडी, पायांत चकचकीत बूट.

"याले मधातच लाव," ते म्हणाले.

"मधातच लावते, भाऊ."

लावलं. अन् बरोब्बर समोर एक लहानसं जलरंगचित्र टांगून त्यावर दिव्याचा झोत सोडला. नागपूरच्या एका संग्राहकाकडे ते तिला फार शोधाशोध करून सापडलं होतं. जंगलातला तंबू, खुर्चीत रेललेला साहेब, त्याच्यापुढे वाकलेला यादवराव. अनवाणी. बूट काखेत. खाली साहेबाने स्वतः यादवरावाचं नाव लिहिलेलं.

उद्घाटनाच्या सकाळी गुणवंतराव त्या जलरंगचित्रापुढे थबकले.

"मॅडम, हे काऊन लावलं?"

"तुमचे पणजोबाच होत, भाऊ. नाव वाचा ना."

"लोक हासतीन ना आमच्यावर!"

"माह्या मायवर हासलंच ना सारं गाव."

"काढ ते. नाई तं उद्यापासून कॉलेजात पाय ठेवू नको."

उद्घाटनाला आलेल्या कमलाबाईंनी लेकीचा दंड धरला. "जाऊ दे ना वो माय. नोकरी जाईन. पोटाले काय खाशीन?"

"जाईन तं जाईन," संघप्रिया म्हणाली. "चित्र निघत नाई."

गुणवंतरावांनी मग स्वतःच पणजोबांचं तैलचित्र उतरवलं, ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडीत घालून नेलं. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

बाहेर पाहुणे जमत होते. संघप्रियाने एक कार्ड घेतलं, ठळक अक्षरांत लिहिलं आणि खिळ्याखाली चिकटवलं: 'मालगुजार यादवराव. घरच्यांनी परत नेले आहेत. पाहायचे असल्यास मागे वळा.'

मग तिने दार उघडलं.