व्याह्यांची साक्ष

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले त्यांतले निम्मे माझ्या व्याह्यांनी दिले, आणि उरलेले निम्मे, मी शपथेवर सांगतो, त्यांच्यामुळे बसले. मी साताऱ्याच्या कोर्टात टंकलेखक म्हणून उभी हयात काढलेला माणूस. खून, दरोडे, भावकीची बांधावरची भांडणं, सगळं मी मान खाली घालून, कपाळावर आठी उमटू न देता टंकलं. त्यामुळे आपल्याला आता कशाचं नवल वाटायचं राहिलेलं नाही, असा माझा समज होता. तो समज आष्ट्याच्या एका बुटक्या, रुंद खांद्याच्या, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेल्या गृहस्थाने पहिल्या भेटीत, चहा यायच्या आत, मोडून काढला.

त्याचं असं झालं. माझी मुलगी शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला होती. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं तिने ठरवलं आणि एका रविवारी जेवताना, आमटी वाढून घेता घेता, मुलगा ख्रिस्ती आहे हेही सांगून टाकलं. आमच्या हिच्या हातातली पळी आमटीत पडली. दुसऱ्याच दिवशी मी आष्ट्याची गाडी पकडली आणि वाटभर नकाराचं भाषण पाठ करत गेलो. 'आपण भले लोक आहात, परंतु' अशी त्याची सुरुवात होती. दार खुद्द व्याह्यांनीच उघडलं. "सलाम, पाव्हणं," असा ख्रिस्ती रामराम केला, मला खुर्चीत बसवलं आणि मी घसा साफ करायच्या आत म्हणाले, "आदी येक सांगून टाकतो, राग मानू नका. मला हे लगीन मान्य न्हाई."

मी हबकलोच. नकार द्यायला मी आलो होतो. प्रवासखर्च माझा झाला होता. "का मान्य नाही?" मी विचारलं. "माझ्या मुलीत कमी काय आहे?" "कमी काय बी न्हाई. आमच्या मंडळीत चालायचं न्हाई." मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. त्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांना 'वडील' म्हणतात आणि व्याही गेली वीस वर्षं त्यांतले एक होते. माझी मुलगी कुणाला चालत नाही म्हटल्यावर माझा आवाज चढला. तिची हुशारी, तिचा स्वभाव, तिने आजारी आजीची केलेली सेवा, सगळं मी एका दमात सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "त्ये समदं खरं आसंल, पर माझं पोरगं बी काय टाकाऊ न्हाई." आणि त्यांनी मुलाचे गुण सांगायला घेतले. एकमेकांना हरवायच्या ईर्ष्येने आम्ही दोन तास आपापल्या लेकरांची अशी काही वकिली केली, की मी उठलो तेव्हा लग्न ठरलेलं होतं. घरी जाऊन हिला काय तोंड दाखवायचं, याचा विचार करत मी परतीची गाडी धरली.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. मुलीने धर्म बदलला नाही, जावयानेही बदलला नाही, आणि व्याही आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले. आमचे पंधरा-वीस पाहुणे पानावर बसलेले. व्याही एकदम उभे राहिले आणि डोळे टक्क उघडे ठेवून मोठ्याने प्रार्थना करू लागले. डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्याचा टँकर उसात जातो, असं त्यांचं म्हणणं; त्यामुळे देवाशी बोलताना ते समोरच्या माणसावर नजर रोखतात. त्या दिवशी समोर मी होतो. त्यांनी अन्नाबद्दल आभार मानले, पिकवणाऱ्याबद्दल मानले, म्हशीबद्दल मानले, माझ्या मूळव्याधीला उतार पडावा अशी विनंती केली (ती भानगड मी बायकोखेरीज कुणालाही सांगितलेली नव्हती), आणि शेवटी म्हणाले, "बापा, विहीणबाईंचा हात मिठाला सैल हाय, पर मन लय चांगलं हाय, तवा त्यांच्यावर तुझी कृपा ऱ्हावू दे. आमेन." पाहुण्यांपैकी निम्म्यांनी आमेन म्हटलं आणि उरलेल्यांनी आमटी चाखून पाहिली.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो. स्वतःची जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला तिचे दोष त्यांनी इतक्या कळकळीने सांगितले की तो माणूस त्यांनाच नवी घ्यायचा सल्ला देऊन गेला. टँकरच्या मागच्या बाजूला त्यांनी बायबलातलं, भागलेल्यांना विसावा मिळेल अशा अर्थाचं वचन रंगवून घेतलं होतं. पुढे कुठेतरी धाबा आहे अशा समजुतीने कित्येक ड्रायव्हर कराडपासून खंबाटकी घाटापर्यंत त्यांच्या मागे मागे येत. शांती हा त्यांचा आवडता विषय. चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, वेळ आली की ते अंतःकरणाच्या शांतीवर पाऊण तास बोलत. पण इतका अशांत माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा उभ्याने. पेपर फेऱ्या मारत. आमच्याकडे आले की आल्या आल्या नळाचे वॉशर बदलायचे, मग शेजाऱ्यांच्या नळाचे बदलायचे. "आवं, बसा की जरा," ही म्हणायची. "बसलो की डोस्क्यात इचार येत्यात, विहीणबाई," ते म्हणायचे आणि पाना घेऊन उठायचे. कसले विचार, ते कधी कुणी विचारलं नाही.

लग्नाला वर्ष होत आलं तशी त्यांच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. ती माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. जो चर्चचा वडील म्हणून पुढे बसतो त्याचं घर एका विश्वासाचं असावं, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी रास्तच होतं. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तरुण आणि मवाळ. त्यांनी हळूच सुचवलं, की सुनेच्या बाप्तिस्म्याची तयारी चालली आहे एवढं एका रविवारी व्याह्यांनी सगळ्यांपुढे सांगावं, म्हणजे मिटलं. नाहीतर वडीलपद सोडावं लागेल. व्याह्यांचा मला फोन आला. "पाव्हणं, येकीकडं मंडळी, येकीकडं सून. मंडळीनं मला बायको गेल्यावर सांभाळलं. सुनंनं पोराला सांभाळलं. मी कुनाचा हाय, माझं मलाच कळंना."

हे मुलीच्या कानावर गेलं. ती आष्ट्याला जाऊन त्यांना म्हणाली, "बाबा, तुमचं पद जाऊ देऊ नका. मी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरते. मनात काय आहे ते कुणी बघायला येत नाही." आम्ही तिथे होतो. तिच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. पण व्याह्यांचा त्याहून पडला. ते एकदम खाली, जमिनीवरच बसले. "आगं, आसं बोलू नगं," ते म्हणाले. "मनात येक आन् वर येक, त्ये कसं आसतंय त्ये तुला न्हाई ठावं. म्हातारपणापतोर पुरतंय त्ये." आणि मग मला म्हणाले, "या रविवारी तुमी दोघं बी चर्चला या. मी साक्ष देनार हाय."

आम्ही गेलो. पत्र्याच्या छपराचं लहानसं चर्च, बाकं भरलेली, मधल्या बाकावर मुलगी आणि जावई. आता व्याही सुनेची बाजू मांडणार, दोन-चार जण उठून जाणार, आपण मान खाली घालून बसायचं, अशी तयारी मी मनाशी केली होती. व्याही पुढे आले.

"मंडळीला सलाम," ते म्हणाले. "पाळकसाहेब म्हणलं, सुनंबद्दल बोल. तिच्याबद्दल बोलायजोगं काय न्हाई. ती कोण हाय त्ये तिनं पयल्या दिशी सांगितलं. लपवलंय मी. माझी आई मराय टेकली तवा तिनं माझा हात धरला. बाप्तिस्मा घेतल्याली बाई, तुमी समद्यांनी तिला मातीला न्हेली. पर मरताना म्हणली, माझ्या म्हायेरच्या देवीला जत्रंत माझ्या नावाचा नारळ जातोय, त्यो बंद पाडू नगंस. मी व्हय म्हणलो. आठ्ठावीस वर्सं दर जत्रंला कराडच्या आलीकडं फाट्यावर टँकर हुबा केला, टँकर सुटल्यावर यष्टीनं गेलो, मामाच्या घरी नारळ दिला, आन् परत येऊन हितं, ह्याच जाग्यावर, तुमाला येकनिष्ठंवर बोललो. माझ्या बायकूला सांगितलं न्हाई. ती बी गेली. आईचा शबुद मोडला तर आईशी बेइमानी, पाळला तर प्रभूशी. मी दोगांशी बी केली. शांतीवर लय बोललो मी. पर खरं सांगतो, मला ती कवा गावलीच न्हाई."

एवढं बोलून ते पुढच्या मानाच्या बाकाकडे गेले नाहीत. सगळं चर्च ओलांडून दाराशी, चपलांजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ज्या माणसाने स्कूटरच्या फुटलेल्या आरशाबद्दलही कधी खोटं सांगितलं नाही, त्याने अठ्ठावीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं. माझ्या सबंध नोकरीत आरोपीने न विचारता दिलेली कबुली मी कधी टंकली नव्हती. पाळकसाहेब पुस्तकाची पानं नुसतीच उलटत होते. एवढ्यात बायकांच्या बाजूने एक जख्ख म्हातारी, ऐकू कमी येत असल्यामुळे खणखणीत आवाजात, शेजारणीला म्हणाली, "आन् मग आवंदा नारळ कोण देनार?" कुणीतरी फिस्सकन हसलं, कुणीतरी त्याला दटावलं, आणि पाळकसाहेबांनी घाईघाईने गाणं सुरू केलं. ते इतक्या वरच्या पट्टीत सुरू झालं की दुसऱ्या कडव्याला एकटी म्हातारीच गात होती.

पुढच्याच आठवड्यात व्याही साताऱ्याला आले. "मामीकडं जायाचंय. नारळ आता मी देनार न्हाई, आसं त्वांडावर सांगायचंय. येकट्याला धीर व्हईना." मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. कराडच्या पुढे फाट्यावरून आत, उसातून वाट काढत एक गाव. मामा कधीच गेलेले. मामी नव्वदीच्या, अंगणात शेंगा फोडत बसलेल्या. व्याह्यांनी त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं, चर्चमधल्या साक्षीसकट. म्हातारीने हातातली शेंग फोडली, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "आरं माज्या लेका, तुज्या आईच्या नावाचा नारळ आमी आमच्या घरचाच फोडतूय की. ती गेली त्या सालापासनं."

"मग माझा?" व्याह्यांनी विचारलं.

"तुज्या नारळाची चटणी व्हायची. देताना तुजं त्वांड कसं व्हायचं, चोरी केल्यावानी. तुजा मामा म्हणायचा, त्येला सांगून टाकू, कशाला जीव जाळतोय त्यो. मीच म्हणलं, नगं. नारळ बंद झाला तर प्वार यायचं बंद हुईल. नणंदेचं तेवढंच येक मानूस येतंय."

व्याही तळहातावरचे दाणे तसेच धरून बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत की रडताहेत ते मला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नसावं. म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नारळ आनू नगंस. तू येत जा." परत येताना गाडी हमरस्त्याला लागायच्या आत ते झोपले. उंब्रजला मी डिझेल भरलं, दोन ट्रक कानठळ्या बसवत गेले, तरी त्यांची छातीवर पडलेली मान हलली नाही. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत पापणी न लवू देणारा माणूस असा ढाराढूर झोपलेला पाहून मला आधी धडकीच भरली. दोनदा मी त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

वडीलपद गेलं. एक-दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते अजून धरलेलं नाही. पण प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून, त्यांना दूर ठेवायचं नाही, असं तीन बैठकांनंतर ठरलं, आणि शेवटच्या बाकावर ते आपल्या जागी बसू लागले. सून जशी होती तशीच आहे. नाताळात ती त्यांच्या चर्चच्या कंदिलाला कागद चिकटवते. व्याही दर दोन महिन्यांनी मामीकडे जात, रिकाम्या हाताने, उजळ माथ्याने.

या हिवाळ्यात मामी गेल्या. दहाव्याला कराडच्या संगमावर मी व्याह्यांबरोबर होतो. भटजींचं चालू असेपर्यंत व्याही टोपी हातात घेऊन बाजूला उभे राहिले. पिंडाला कावळा शिवला, माणसं उठू लागली, तेव्हा मामींचा मुलगा त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, "दादा, तुमी बी काय तरी म्हणा. तिला आवडलं आसतं." मी मनात धसका घेतला. आता म्हशीपासून सुरुवात होणार, सगळ्या भावकीचे आजार बाहेर निघणार. पण व्याही पाण्याकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले. "बापा, ही माझी मामी. हिनं मला येऊ दिलं." एवढंच म्हणाले. फेटेवाले म्हातारे हात जोडून उभे होते. कृष्णा आणि कोयना आपल्या वाहत होत्या.

आम्ही गाडीत बसलो. ते खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमच्या आईचं म्हायेर कुठलं?"

मी गावाचं नाव सांगितलं. इथून जेमतेम तासाभराची वाट.

"कवा गेला हुता?"

मी आठवून पाहिलं. माझ्या मामांचा चेहरा आठवला, त्यांच्या दारातला हौद आठवला. शेवटचा कधी गेलो होतो, ते मात्र काही केल्या आठवेना. मी गाडी सुरू केली.