गंगेची ओटी

आमचं गाव नाशिकला चिकटलेलं, गंगेच्या काठचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. नव्वदच्या दशकात इथल्या द्राक्षबागा मोडून बंगले उठले, त्यातला एक आमचा. शेजारच्या बंगल्यांचे वॉचमन एकमेकांना ओळखत, कुत्रीसुद्धा ओळखत. मालकांनी कधी तसदी घेतली नाही. हे बोटीवर नोकरीला, वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. मुलगी पुण्याला होस्टेलात. मी फाटकाला कुलूप लावायची, टीव्ही लावायची आणि टीव्हीसमोर जेवायची. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. गावठाणातली काठावरची घरं बुडायला लागली, तशी बायापोरं, म्हातारी माणसं आणि एक शेळी आमच्या फाटकाशी आली. आमचा बंगला सगळ्यांत उंचावर ना!

"बाई, पान्याला लय जोर हाय. रातभर टेकू द्या," त्यांच्यातली एक आजी म्हणाली.

रातभर म्हणता म्हणता आठवडा झाला. सोफ्यावर लुगडी वाळत होती, जिन्याखाली शेळी होती आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवर चिखलच चिखल. "अगं बायांनो, पाय पुसा!" म्हणून मी दिवसभर खेकसायची. खेकसायला घरात माणसं आहेत याचंच मला सुख होतं. ताटात एकीची भाकरी, दुसरीचा ठेचा. इतकी पोटभर मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते.

पाणी ओसरलं. आमच्याकडची रीत अशी, की पूर उतरला की बायकांनी आधी गंगेची ओटी भरायची, मगच आपल्या घरात पाऊल टाकायचं. मीही खण-नारळ घेऊन त्यांच्याबरोबर गेले. काठावर भिंती पडल्या होत्या, कणग्यांतलं धान्य कुजून वास सुटला होता. एकेक बाई ओटी सोडून मोठ्यानं म्हणत होती, "माय, आता पुन्हा दारी येऊ नको."

माझी पाळी आली. तोंडातून शब्दच फुटेना.

"मनात म्हना, चालतं," आजी म्हणाली.

मी नारळ सोडला, डोळे मिटले आणि म्हटलं, पुढच्या वर्षीही ये.

परतताना आजीनं माझा हात धरला. "बरं झालं तुमी आल्या. समद्या जनींनी मागितलं का मग ती ऐकती."

मी मान डोलावली. घरी आले, फाटकाला कुलूप मात्र लावलं नाही.