मामाजींचं वावर अन् माझी तेलाची पट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. माझ्या शहाणपणापायी माझ्या सासऱ्याचं तलावाखालचं वावर जाता जाता राहिलं, त्याची ही गोष्ट. आमच्या हिच्यासमोर मात्र विषय काढू नका बुवा. तिला अजून यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तेव्हा मी गोंदियाच्या शाळेत गणित शिकवत होतो. गावात वीज नव्हती, घरोघरी घासलेटचे कंदील, मोटारगाड्या नुकत्या दिसू लागलेल्या. तेल म्हटलं की लोकांचे कान टवकारायचे. अन् नागपूरला माझा मावसभाऊ वामन एका शेअर दलालाकडे कारकून.

दसऱ्याला त्याच्याकडे गेलो, तर त्यानं मला एक हिशोब शिकवला. शेअरची किंमत घ्यायची. कंपनी त्या एका शेअरमागे वर्षाला किती कमावते ते बघायचं. अन् किंमत त्या कमाईच्या किती पट आहे ते काढायचं. दहा रुपयांचा शेअर, कमाई अडीच रुपये, म्हणजे चौपट. एवढंच? एवढंच. गणिताच्या मास्तराला आणखी काय पाहिजे हो?

कापडगिरण्यांचे शेअर बारापट, चौदापट. अन् तिकडं पूर्वेला जमिनीतून तेल अन् गॅस काढणारी एक कंपनी होती, ती फक्त चौपट! मी म्हटलं, हे लोक आंधळे आहेत काय? वामन काहीतरी सांगणार होता, पण त्याला मालकानं हाक मारली, अन् मी तोवर टोपी घालून स्टेशनाकडे निघालेलो.

गोंदियात येऊन मी जे दिसेल त्याची पट काढायला लागलो. चहाच्या हॉटेलाची काढली, टांग्याची घोड्यासकट काढली. एक दिवस ही म्हणाली, "अन् माही पट किती जी?" मी सरळ मनानं सांगितलं, तुझी काही कमाई नाही, त्यामुळे तुझी काढता येत नाही. त्या संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं.

मग दिवाळीनंतर सासुरवाडीला मंडईची जत्रा भरली. अर्जुनी मोरगावच्या अलीकडचं गाव. आमच्या झाडीपट्टीत मंडईला घर पाहुण्यांनी भरतं, तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर बाजार, मग ओसरीवर गप्पा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पिढीजात तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले. ते कौतुकानं सगळ्यांना म्हणाले, "आमचे जवाई लय शिकलेले हायेत. त्यायले इचारा."

एवढं म्हटल्यावर मी गप्प बसतो काय? पट समजावून सांगितली. पट कमी ते स्वस्त, ते घ्यावं. पट जास्त ते महाग, ते विकावं. शहाण्यानं चौपटीच्या वर एक पैसा देऊ नये. ओसरीवर सगळे माना डोलवून राहिले होते. त्यात गोंदियाच्या राईस मिलचे एक शेठजी, धान खरेदीसाठी आलेले. ते जरा जास्तच डोलवत होते.

मामाजींनी विचारलं, "मंग आपल्या तलावाखालच्या वावराची पट किती जी?"

मी गावातला भाव घेतला, दरसालचं धान घेतलं. निघाली विसाच्या घरात.

"मामाजी, विसाची पट अन् तुम्ही त्याच्यावर बसून राहिलात? तिकडं तेल चौपटीत मिळून राहिलं आहे."

"म्हंजे इकावं?"

"हिशोब तर तसाच सांगतो," मी म्हटलं, अन् सुपारी तोंडात टाकली. हिला माहेरी ठेवून मी गोंदियाला परतलो.

पुढं नागपूरला कामानं गेलो तेव्हा वामनला म्हटलं, लेका, ती तेलाची कंपनी अजून चौपटच आहे ना? सासऱ्यांनाच घ्यायला सांगून आलो.

वामननं कपबशी खाली ठेवली. "अरे, तिच्या विहिरी आटत आल्या आहेत. चार-पाच वर्षांचं तेल उरलं असेल-नसेल. म्हणून तर चौपट. ही कमाई पुढं राहणार नाही, हे बाजाराला ठाऊक आहे."

पण म्हटलं, जाऊ दे, मंडईतलं बोलणं कोण मनावर घेतं?

हिला आणायला सासुरवाडीला गेलो, तर अंगणात सतरंजी अंथरलेली. गावचे पंच बसलेले. मधोमध शेठजी. पानसुपारीचं ताट फिरायला निघालेलं. ताट फिरलं की सौदा पक्का, मग देवानं सांगितलं तरी मोडत नाही. दाराआड सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आमची ही माझ्याकडे अशी बघत होती, की मी जोडे काढायचेच विसरलो.

मामाजी म्हणाले, "या जवाईबुवा, तुमचीच वाट पाहून राहिलो. वावर शेठजीले देऊन राहिलो. चौपटीत."

"चौपटीत?" माझा आवाज चिरकला. "वीस पटीचं वावर चौपटीत?"

शेठजी हात जोडून म्हणाले, "मास्टरजी, आपने ही तो कहा था. चार के ऊपर जो दे, वो मूरख."

"अन् मामाजी, तुम्ही हो म्हटलं? काऊन?"

"मंग? इतक्या लोकायसमोर जवायाचा शब्द मीच खाली पाडू काय?"

आता बोला. वावर जायला निघालं होतं माझ्या मानासाठी. तरी चूक झाली म्हणायला माझी जीभ वळते काय? मी म्हटलं, "थांबा मामाजी, तेलाची पट बदलली आहे."

"चढली काय?"

"चढली."

"मंग लवकर करा रे," मामाजी पंचांना म्हणाले, "तेल आणखी महाग होईन."

"नाही, नाही, उतरली."

"तं मंग आणखी स्वस्त. फिरवा ताट."

ताट माझ्यासमोर आलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं अन् मांडीवर घेऊन बसलो. पंच बघतात, शेठजी बघतात. आतून हिचा आवाज आला, "आता तरी बोला जी."

मग बोललो. मामाजी, तेलाची विहीर एकदा आटली की संपली. तुमच्या वावराला पाणी देणारा तलाव दर पावसाळ्यात भरतो. ज्याची कमाई संपत आली त्याला चौपट, जी कमाई नातवंडांनाही पुरायची तिला वीसपट. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चौपटीच्या वर देणारा मूरख नाही, मूरख मी आहे. हे पंचांसमोर म्हटलं. म्हाताऱ्या पंचाला ऐकू कमी यायचं, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं.

सौदा मोडला. शेठजी भला माणूस, हसत उठले. मोडणाऱ्यानं पंचांना जेवू घालायचं अशी रीत, ते जेवण माझ्या पगारातून झालं. सासूबाईंनी वाढताना माझ्या पानात तूप जास्त घातलं, म्हणून मला वाटलं की मिटलं एकदाचं.

वर्ष उलटलं, अन् मामाजी गोंदियाला आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबुवा, शेजारची बोडी इकायले निंगाली हाये. घेऊ काय?" बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, खालच्या वावरासकट. सासऱ्याचा विश्वास परत मिळाला! माझे डोळे भरून आले. मी नीट विचार केला, गणित मांडलं, अन् सांगितलं, अजिबात घेऊ नका.

मामाजी तडक गेले अन् बोडी घेऊन टाकली. त्या वर्षी तिच्यावर जे धान झालं, तसं गावात कोणाचंच झालं नाही. तेव्हापासून गावात कोणाला काही घ्यायचं-विकायचं असलं की मामाजी त्याला माझ्याकडे पाठवतात.

"आमच्या जवायाले इचारून ये," म्हणतात, "तो सांगन त्याच्या उलटं कर. आजवर एकदा बी चुकला नाही."