तायडेचा बल्ब

गॅरेजात किस्से कसे साचतात माहितीय? गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं, बोलणं मात्र इथंच सोडून जातं! अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या गॅरेजात असे ढीगभर साचले. आमचे हेडमिस्त्री अमरावतीला पोराकडे राहायला गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. बारा वर्षं माझा त्या जागेवर डोळा! आणि नेमका तेव्हाच तायडे वायरमन कामाला लागला. मी जळलो. आजही जळतो, खोटं कशाला बोलू!

*

एका डॉक्टरांच्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरायची. मी दरवेळी नवी बसवून द्यायचो. तायडेनं बॅटरीची एक वायर सोडली आणि मध्ये बल्ब लावला. गाडी बंद, तरी बल्ब पेटला! मग तो एकेक वायर काढत गेला. घड्याळाची खराब वायर काढली आणि बल्ब विझला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मंग तुमी मले इतक्या बॅटऱ्या काहून देल्या?"

मी पाना शोधायला आत गेलो.

*

मग मीही गुपचूप एक बल्ब आणला. वकिलांच्या गाडीला लावला. पेटलाच नाही. "वकीलसाहेब, गाडी एकदम ठणठणीत!"

तिसऱ्या दिवशी वकील गाडी ढकलत आले. तायडेनं माझा बल्ब कानाशी हलवून पाहिला. "भाऊ, याची तार तुटली हाय."

सगळे हसले. तो हसला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

*

घरी बायको वैतागली. "त्या तायडेले एकडाव जेवाले तरी बोलवा! रोज त्याचंच नाव आयकून राहिली मी!"

*

मग वरूडच्या संत्रा व्यापाऱ्याची मोटार आली, तिचीही बॅटरी उतरायची. बॅटरी डिकीत, आणि टोपल्या दिसाव्यात म्हणून डिकीत एक बल्ब. झाकण लागलं की विझणारा. गॅरेजचे मालक म्हणाले, "तायडे, ही गाडी जमली तं हेडमिस्त्री तुमीच."

तायडेनं पहिल्याच दिवशी फॉल्ट काढला. सकाळी बॅटरी उतरलेली! पुन्हा चार्जिंग, पुन्हा तपासणी. दुसऱ्या, तिसऱ्या सकाळीही तेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! रोज सुटी झाली की मी मागं रेंगाळायचो, त्यानं काय केलं ते डिकी उघडून पाहायचो आणि आवाज नको म्हणून झाकण हळूच टेकवायचो.

चौथ्या संध्याकाळी डिकी उघडली. बल्ब पेटलेला, आणि त्याच्याखाली पाय पोटाशी घेऊन तायडे!

"या भाऊ. झाकण हळू टेकवलं तं बल्ब जळतच राह्यते. आपटून लावत जा."

बारा वर्षांची आशा गेली, असंच वाटलं.

सकाळी मालकांनी विचारलं, "काय तायडे, सापडला का फॉल्ट?"

तायडेनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मालक, भाऊ नसते तं हा फॉल्ट सापडलाच नसता. हेडमिस्त्री त्यायलेच करा!"