वीरगळावरचा शेंदूर

उज्जैनला येऊन मला अकरावं वर्ष चालू आहे, तरी देवास गेटच्या स्टँडवर महाराष्ट्राची बस लागली की अजून धास्ती वाटते. ती बस म्हणजे माझी भाकरी. पण दारातून पहिली आजी उतरली की मी मनात सगळं पुन्हा घोकतो. ही काय विचारेल, आपल्याला सांगता येईल का, असं वाटत राहतं. माझी शाळा आठवीत सुटली. परभणीकडच्या गावातून काम शोधत इकडं आलो, एका लॉजवर यात्रेकरूंचं सामान उचलायला राहिलो, आणि तिथंच सरांनी मला हेरलं.

सर म्हणजे फ्रीगंजात राहणारे निवृत्त शिक्षक. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आपली माणसं एवढ्या लांबून येतात, महाकालाचं दर्शन घेतात आणि निघून जातात. मराठ्यांनी बांधलेले घाट, छत्र्या, दगड कुणी बघत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. मला म्हणाले, "तुझी मराठी अजून गावची आहे. माझ्या मराठीत हिंदी घुसून बसली आहे. तू लोकांना फिरव. मैं सिखा दूँगा." दोन हिवाळे त्यांनी मला गल्ली न् गल्ली हिंडवलं. माझ्याकडे दहावीचा कागद नाही, हे एकदाही तोंडातून काढलं नाही. असे उपकार कुणी कुणावर करत नाही. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

शिप्रेच्या रामघाटापासून जरा बाजूला, पायऱ्या संपतात तिथं एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड, कमरेएवढा. वर चंद्र-सूर्य, मधे घोडेस्वार, खाली झिजलेल्या अक्षरांच्या दोन ओळी. त्यात त्या माणसाचं नाव असणार, असं सर म्हणायचे. "पावसाळा जाऊ दे, आरामात बसून वाचू. वो कहाँ भागा जा रहा है?" मग पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड वर्ष त्यांना घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या.

त्याच उन्हाळ्यात एक बस आली. दर्शनाच्या रांगेत उभं राहून राहून माणसं निम्मी झाली होती. फरशीवर पाय भाजत होते. मलाही त्या दिवशी तिसरी फेरी होती, तेच तेच बोलून घसा बसला होता. वीरगळापाशी मी सुरुवात केली तर एक मावशी म्हणाल्या, "अहो दादा, देव दाखवा, देव! दगड काय आमच्या रानात कमी आहेत?"

सगळे हसले. दोघंतिघं तर चालायलाच लागले. हे आता लॉजवर जाऊन सांगतील, उद्यापासून आपल्याला कोण बोलावणार, असं मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, हा साधा दगड नाही. ज्याचं काम अडलंय त्यानं इथं तेल-शेंदूर वाहिला की काम मोकळं होतं."

आमच्या बांधावरच्या म्हसोबाला आई तसंच करायची. मला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मावशी गर्रकन मागं वळल्या. पिशवीतून कुंकवाची डबी काढली, दगडाला बोट लावलं. बाकीच्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. रिकामा गेला असता तो थांबा अर्धा तास चालला.

मी एकदाच बोललो. पुढं बोलायची गरज पडली नाही. पुढच्या बसमधली माणसं उतरतानाच विचारायला लागली, "तो कामं मोकळी करणारा देव कुठं आहे?" बाजूला फुलं विकणारी माई तेलाच्या वाट्या आणि शेंदराच्या पुड्या ठेवू लागली. इथल्या लोकांनी नावही पाडलं, अटके काम वाले बाबा. दिवाळीपर्यंत घोडेस्वार शेंदराखाली गेला, मग अक्षरं गेली. मी तिथून जाताना नदीकडं बघत जायचो. सर फोनवर विचारायचे, "आपला दगड बरा आहे ना?" मी म्हणायचो, "आहे, सर."

यंदा थंडीत सरांचा गुडघा चालू झाला. मराठी यात्रेकरूंसाठी एक छोटी पुस्तिका काढायची, त्यात हा वीरगळ पहिला घ्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एक एक पायरी उतरले. दगडापुढं आले आणि थांबले.

"अरे, ये कौन बिठा गया?"

"अटके काम वाले बाबा हैं, मास्साब," माई म्हणाली. "बहुत जागृत हैं."

"कब से?"

"बाप-दादा के ज़माने से."

माई अगदी बिनधास्त खोटं बोलली. तिचं पोट होतं त्यावर. मी नुसता गप्प बसलो असतो तरी सगळं तिच्या बाप-दादांवर गेलं असतं. पण सरांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"सर, मी," मी म्हणालो. "मीच सांगितलं लोकांना. माणसं निघून चालली होती म्हणून."

सर पायरीवर बसले. गुडघा चोळला. मग म्हणाले, "आठ वर्षं बरोबर फिरतोस. मला वाटायचं, याला तरी दगड दिसतो."

रागावले असते तर बरं झालं असतं.

शेंदूर खरवडून काढता येईल का, असं मी विचारलं. माई उसळली, "चोला निकाला नहीं जाता भैया! बाबा खुद छोड़ेंगे, तब शिप्राजी में बहाएँगे." चोला म्हणजे देवावर चढलेला शेंदराचा थर, तो आपोआप गळाला तरच नदीत सोडतात. सरही नाही म्हणाले. झिजलेली अक्षरं खरवडण्यात निघून जातील.

मग मी मोबाइलमधले जुने फोटो काढून दाखवले. प्रत्येक फोटोत वीरगळापुढं माणसं उभी. सरांनी भिंग लावून बघितलं. "आज्या छान आहेत सगळ्या. जरा बाजूला व्हायला सांगायचंस."

घरी येऊन जुन्या वहीतले यात्रेकरूंचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावले. "त्या दगडाचा फोटो आहे का हो तुमच्याकडं?" काहींना मी आठवतच नव्हतो. शेवटी त्याच मावशींच्या नातीनं एक फोटो पाठवला. आजीनं पहिलं कुंकू लावलं तेव्हाचा. अक्षरं दिसत होती, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी मावशींचं बोट आणि त्याखाली कुंकू. मावशी मागून फोनवर बोलत होत्या, "दादा, पोराची नोकरी लागली बरं का! देवाला सांगा." मी हो म्हणालो. काय करणार?

सर तीन दिवस तो फोटो मोठा करून बघत होते. त्या माणसाचं नाव अर्धं लागलं, बापाचं पूर्ण लागलं. गाव कुंकवाखाली गेलं.

"जेवढं आहे तेवढं सांग लोकांना," सर म्हणाले. "और बाकी का भी. तू काय केलंस ते."

पुढच्या बसला मी सगळं सांगितलं. मधे घोटभर पाणी पिऊन पुन्हा बोललो. माणसं ऐकत होती की थकून नुसती उभी होती, कळलं नाही. एका बाईनं विचारलं, "मग नमस्कार करायचा की नाही?"

"करा की. लांबून येऊन इथं पडलेला माणूस आहे. फक्त तेल नको."

"तेल नहीं तो हम क्या बेचें?" माई म्हणाली.

"फूल बेचो, माई."

"फूल से किसका काम निकला है आज तक?"

काहींनी फुलं वाहिली. मी वळलो तेवढ्यात कुणीतरी वाटी ओतलीच. तेलाचा ओघळ अक्षरांच्या जागेवर उतरत होता. खांद्यावरच्या पंच्यानं जेवढा पुसता आला तेवढा पुसला, आणि पुढं निघालेल्या लोकांना गाठायला पायऱ्या चढू लागलो.